दस्तगीर नाही का म्हणाला

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. पोरांपाशी नाही, भावकीत नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. बायकोला मात्र न सांगता माहीत होतं. तो भाग पुढं येईल.

वाचायला बसला आहात, तर आधी एक करा. माझ्याबद्दल चांगलं मत करून घेतलं असेल तर ते काढून टाका. केस पिकले, बायको गेली, एकटा राहतो, सकाळी उठून अंगण झाडतो — म्हणून माणूस भला असतो का? हलकट माणूसही म्हातारा होतोच की. म्हातारा झाला म्हणजे लोक त्याला आजोबा म्हणतात, एवढाच फरक.

माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन तुम्ही सुधारून घ्या. मजकुराला हात लावू नका.

आमचं गाव वाघोलीच्या अलीकडं. गाव म्हणायचं आपलं — चारी बाजूंनी टॉवर झालेत, मधे देवीचं देऊळ आणि आमची थोडी जुनी घरं राहिलीत, दातात अडकल्यासारखी. पावसाळ्याच्या तोंडावर इथं भोंग्यावरून भांडण झालं. एका बाजूला सोसायटीवाले आणि आमची तरुण पोरं, दुसऱ्या बाजूला दर्ग्याकडची माणसं. पोलीस येऊन गेले. मग कुठल्याशा संस्थेच्या एक ताई आल्या आणि त्यांनी सोसायटीच्या हॉलात बैठक भरवली. दोन्हीकडच्यांनी एकमेकांची बाजू समजून घ्यायची म्हणे. गावातला जुना माणूस म्हणून मला बोलावलं. त्या बैठकीत मी जे बोललो ते सगळ्यांना फार आवडलं. एवढं आवडलं, की ताई म्हणाल्या, "आजोबा, हे आमच्या अंकासाठी लिहून द्या ना."

घ्या. लिहून देतोय.

पण ते कळायला आधीचं कळायला पाहिजे. दस्तगीर मुलाणी कोण, हे आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. आमच्याकडं बकरं मुलाण्यानं कापायचं, ही रीत होती. दुसऱ्या कुणी कापलेलं आमची म्हातारी माणसं तोंडात घालत नसत. लग्न असो, नवस असो, देवीची यात्रा असो — मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तरच ते मटण, नाहीतर ते काहीच नाही. हिंदूंची देवी, हिंदूंचा बकरा, आणि कापणारा मुसलमान. आणि ह्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. माझा आजा म्हणायचा, मुलाणी आला नाही तर देवी उपाशी राहील.

दस्तगीर माझ्या बरोबरीचा. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. रस्त्याला त्याचं मटणाचं दुकान होतं, फळ्यांचं. त्याची बायको मालनबी आणि माझी हौसा एकमेकींच्या ओट्यावर बसून गव्हाचे खडे काढायच्या. हे ऐकायला गोड वाटतं ना? हेच मी बैठकीत सांगितलं. इथवर खरं आहे. ह्याच्या पुढं मी थांबलो होतो.

यात्रेत पहिला बकरा मानाचा. तो दर वर्षी भावकीतल्या एका घराचा असायचा, पाळीपाळीनं. ज्याचा बकरा, त्याचा वर्षभर रुबाब. त्या वर्षी पाळी माझी होती. दिवस वाईट होते. पेपरात रोज काहीतरी — इथं पाडलं, तिथं जाळलं. आमच्या गावात काही झालं नव्हतं, पण पोरं पारावर बसून जोरजोरात बोलायला लागली होती आणि दस्तगीर तिथून जाताना गप्प व्हायची. पूर्वी त्याला हाक मारायची.

रीतीप्रमाणं आदल्या दिवशी संध्याकाळी बकरा देवीपुढं उभा केला. अंगावर पाणी शिंपडलं, तो थरथरला. थरथरला म्हणजे देवीनं घेतला. आता सकाळी देवळामागं चिंचेखाली कापायचा. सगळं नीट झालं होतं. तेवढ्यात माझा चुलतभाऊ निवृत्ती सगळ्यांदेखत म्हणाला, "काय सोपानराव, मानाचा बकरा हाय का मांजर आणलंय? पंगतीला पुरंल का रस्साच वरपायचा?"

लोक हसले. मीही हसलो — काय करणार? पण घरी आल्यावर मी काय केलं माहीत आहे? रात्रीत बकरा जाड होत नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं का? तरी मी ज्वारी घेतली आणि त्याच्यापुढं ओतली. खाल्ली, आणखी ओतली. वर पोटभर पाणी पाजलं. सकाळी पोट तटतटून दिसावं, निवृत्तीचं तोंड बंद व्हावं, एवढाच विचार. हौसा म्हणाली, "अहो, एवढं नका घालू, फुगंल ते." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं.

पहाटे तीच गोठ्यात गेली. आत येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मेलं हो ते."

आता बघा — इथं सांगायला सोपं होतं. भावकीत जायचं, म्हणायचं बकरा मेला, दुसऱ्याचा घ्या. लोक हसले असते, निवृत्तीनं वर्षभर टोमणे मारले असते. देवीनं घेतलेला बकरा माझ्या दारात मेला, म्हणून बायका कुजबुजल्या असत्या. एवढंच. हौसा तेच म्हणाली — "जा, सांगून या." मी म्हणालो, गप बस. बकरा गोणपाटात घातला, खांद्यावर टाकला आणि उजाडायच्या आत देवळामागं गेलो.

दस्तगीर एकटाच होता. सुरीला धार लावत बसलेला. मी गोणपाट खाली ठेवलं आणि म्हणालो, दस्तगीर, लवकर उरकून घे, लोक यायच्या आत. त्यानं गोणपाटात हात घातला, बकऱ्याची मान चाचपली, पापणी वर केली. मग माझ्याकडं बघितलं.

"सोपाना, हे गेलंय रे."

मी म्हणालो, आत्ता गेलंय, अजून ऊन आहे अंगात, फिरव सुरी. तो म्हणाला, "मेलेल्यावर सुरी नाय चालत. हराम हाय ते. मला बी आन् तुमास्नी बी. देवीच्या पंगतीला मेलेलं वाढणार का तू?" मी हातापाया पडलो. मग शिव्या दिल्या. म्हणालो, तू मुलाणी आहेस, सांगितलं ते काम करायचं. तो सुरी फडक्यात गुंडाळायला लागला. अजूनही तो हळूच बोलत होता — निवृत्तीकडं दुसरा बकरा आहे, आपण काहीतरी सांगू, तू घरी जा, मी बघतो. आपण सांगू म्हणाला. माझ्या फजितीत तो स्वतःला धरून बोलत होता.

तेवढ्यात निवृत्ती आणि मंडळाची पोरं आली.

निवृत्तीनं विचारलं, "काय रे, अजून कापलं नाय?"

आणि मी म्हणालो — हेच ते, ह्याच्यासाठी एवढा कागद भरला — मी म्हणालो, "हा नाय म्हनतोय. आपल्या देवीचं कापनार नाय म्हनतो."

किती वेळ लागला असेल बोलायला? तोंडातली सुपारी थुंकायला लागतो तेवढा.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. गोणपाट त्याच्या पायापाशी होतं. कडेला धरून ओढलं असतं तर आतलं सगळ्यांना दिसलं असतं. त्यानं ओढलं नाही. एक पोरगा म्हणाला, "बघा, आलं का बाहेर पोटातलं?" दुसऱ्यानं त्याच्या हातातली सुरी हिसकावली. मी मोठ्यानं ओरडलो, अपमान झालेला बकरा आता देवीला चालायचा नाही, आणि गोणपाट उचलून निघालो. मागं धक्काबुक्की चालली होती, बकरा गोणपाटात का, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी वळून बघितलं नाही. ओढ्याच्या कडेला खड्डा काढला आणि बकरा पुरला. घाम पुसला. घरी येऊन आंघोळ केली.

निवृत्तीचा बकरा एका पोरानं कापला. कसाबसा, हाल करून. पंगत बसली, पण म्हातारी माणसं पानावरून उठली. मुलाण्याच्या सुरीचं नाही म्हणाली, नुसता भात खाल्ला. माझी आई त्यांच्यात होती. ज्या पोरांनी मुलाण्याला हाकललं, त्यांच्याच आज्या मुलाण्यावाचून जेवल्या नाहीत. गंमत आहे, नाही? मला नाही आली. मी मात्र चवीनं जेवलो, कारण सगळे माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. सोपाननं गावाची अब्रू राखली.

त्यानंतर दस्तगीरच्या दुकानातून मटण घ्यायचं नाही असं ठरलं. मी ठरवलं नाही. मी विरोधही केला नाही. एका सकाळी दुकानाच्या फळ्या मोडलेल्या सापडल्या. मालनबी पाण्याला आली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. हौसा एकदा भाकरी बांधून तिच्या ओट्यावर गेली, तर मालनबीनं दार लावून घेतलं. हौसा परत आली आणि भाकरी माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "तुम्हीच खा." त्यानंतर यात्रा आली की ती दर वर्षी माहेरी जायची. लोकांना वाटायचं, माहेरची ओढ आहे.

पावसाळ्यानंतर दस्तगीर बायकापोरांना घेऊन कोंढव्याला मेहुण्याकडं गेला. टेम्पोत सामान चढवत होता तेव्हा मी समोरच होतो. मला त्याचा राग आला होता. तुम्हाला हे कळतंय का? मला — त्याचा. त्यानं गोणपाट का ओढलं नाही, तो भांडत का नाही, चार शिव्या का हासडत नाही म्हणून राग. भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि मला हलकं वाटलं असतं. पुढं पुढं तर मी पारावर त्या पोरांच्यात बसून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागलो. ह्या लोकांवर भरवसा ठेवू नये, मी अनुभव घेतलाय, असं मी सांगायचो. अनुभव!

दस्तगीर तिकडंच वारला. कळलं तेव्हा मी गेलो नाही. गुडघे दुखत होते, असं मी स्वतःला सांगितलं.

आता बैठक. हॉलात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ताईंनी माझ्या हातात माईक दिला. मी मुलाण्याची रीत सांगितली, विहीर सांगितली, गव्हाचे खडे सांगितले. टाळ्या झाल्या. मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? हौसा गेल्यापासून माझं कुणी एवढा वेळ ऐकलं नव्हतं. मग एका पोरानं विचारलं, "मग आजोबा, आता का नाही कापत मुलाणी?"

सवयीनं मी उजव्या हाताला बघितलं. कुठल्याही कार्यक्रमात हौसा माझ्या उजव्या हाताला बसायची. पारावर काहीही बोललो तरी तिच्यादेखत हा विषय माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता, कारण ती बघत असायची. ती काही बोलायची नाही, नुसती बघायची. आता तिथं कुठल्यातरी बाईची पर्स ठेवलेली होती. ती गेल्याचं दुःख मला रोज आहे, ते इथं लिहिणार नाही. पण त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो — मोकळं वाटलं.

मी म्हणालो, "एका वर्षी दस्तगीर नाही म्हणाला. दिवसच तसे होते. गैरसमज झाला."

तेव्हा समोरची एक बाई उठली. चाळिशीतली, गळ्यात कंपनीचं कार्ड. म्हणाली, "मी शमीम. दस्तगीर मुलाणींची मुलगी. इथंच जन्मले. मागच्या वर्षी डी विंगमध्ये फ्लॅट घेतला. खराडीला नोकरीला आहे."

मला वाटलं, आता ही सांगणार. पण तिला काहीच माहीत नव्हतं! दस्तगीरनं घरी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही कोंढव्याला गेलो तर तिथं लोकांनी अब्बांना शाबासकी दिली. मूर्तीपुढं कापायचं सोडलंस, चांगलं केलंस म्हणाले. अब्बा त्यांच्यात जाऊन बसले नाहीत कधी. मी विचारलं की म्हणायचे, बकऱ्याचं काय विचारतेस, जेव गप. मला वाटायचं, भ्याले असतील."

बघा आता. गावाला वाटलं त्यानं देवीला नाकारलं, म्हणून हाकलला. तिकडच्यांना वाटलं त्यानं देवीला नाकारलं, म्हणून शाबासकी. पोरीला वाटतं बाप भ्याला. जो तो आपल्या जागी बरोबर होता, आणि प्रत्येकाच्या पायाखाली माझंच खोटं होतं. त्याच्यावर उभं राहून आम्ही त्या हॉलात एकमेकांना समजून घेत होतो.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी गोलाच्या मधे दोन खुर्च्या ठेवल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही थोडा वेळ दस्तगीरकाका व्हा. शमीम, तू आजोबा हो. समोरच्याच्या जागेवर बसून बोला." असा त्यांचा खेळ होता. समज वाढते म्हणे.

मी जाऊन बसलो. उठून जाता आलं असतं. बीपीचं कारण होतं, वयाचं कारण होतं, खरं बोलायचंही कारण होतं. मी बसलो आणि दस्तगीर होऊन बोललो. म्हणालो — "मी दस्तगीर. माझा जीव होता ह्या गावावर. पण माझे लोक माझ्यावर दाब आणत होते, देवीपुढं कापू नको म्हणत होते. मी घाबरलो. सोपानला सांगायला पाहिजे होतं, पण तोंड झालं नाही. म्हणून नुसतं नाही म्हणालो." शब्द सापडत गेले. आवाज दाटून आला, तोही खरा वाटेल असा. आजवर कुणी मुसलमान माणसाच्या बाजूनं एवढं समजून बोललं नसेल, असं सोसायटीचे सेक्रेटरी मागाहून म्हणाले.

शमीम सोपान होऊन बोलली. "मी सोपान. माझ्या देवीचा मान होता. सगळ्या गावासमोर माझी मान खाली गेली. मला राग आला तर माझं काय चुकलं?" ती खुर्चीवरून उठली, माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "काका, आज कळलं मला. अब्बांच्या वतीनं मी माफी मागते."

मी म्हणालो, "झालं गेलं, पोरी. मनात काही ठेवू नको."

मी तिला माफ केलं. ऐकलंत ना? मी — तिला. मुसलमानांच्या बाजूच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून ती येते. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. घर बघून म्हणाली, "काका, तुमचं काही खरं नाही," आणि मोरीत साचलेली भांडी घासून गेली. परवा थालीपीठ आणलं. मी खातो. चांगलं करते, आणि मला दुसरं कोण देतं? पहिल्या घासाला घशात अडकलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. अडकलं नाही. डबा पुसून खाल्ला. ती बापाच्या आठवणी विचारते, विहिरीत उडी कशी मारायचे, हसायचे कसे. मी सांगतो. उठताना म्हणते, तुमच्यामुळं अब्बा समजले मला.

दस्तगीर त्या सकाळी गप्प का राहिला? माझी लाज राखली असेल. पोरं गोळा झालीत, आता काही बोलून उपयोग नाही, असं त्याला दिसलं असेल. की माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं वाटलं असेल? मला माहीत नाही. आणि मी सांगणार नाही. त्याच्या वतीनं मी एकदा बोललोय.

ताई, हे छापायचं तर छापा. नाही छापलं तर मी डी विंगला जाऊन दारात वाचून दाखवीन.

शमीम, तुझा बाप भ्याला नव्हता. त्याच्यावर कुणाचा दाब नव्हता. देवीचं त्याला वावडं नव्हतं, तिचा बकरा त्यानं आणि त्याच्या बापानं जन्मभर कापला. त्या दिवशी बकरा मेलेला होता. मी मारला होता, आणि हे त्याला ठाऊक होतं. बाकी त्या खुर्चीवर बसून मी जे बोललो, त्यातला एक शब्दही त्याचा नाही.